ई30 325आय: मोट्रॉनिक 1.0, 1.1 की 1.3? ओळख, अदलाबदल आणि वरखाली होणारी रेस

साधापाना

बीएमडब्ल्यू ई30 325आय, इंजिन एम20बी25. ग्लोव्हबॉक्सच्या वर बसवलेल्या ईसीयूवरचं (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावरचं) लेबल उडालंय, त्यामुळे आत मोट्रॉनिकची (पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही सांभाळणाऱ्या बॉशच्या प्रणालीची) कोणती आवृत्ती आहे ते कळत नाही. हाताशी दुसरा एक ईसीयू आहे, त्यावर 0 261 200 173 हा नंबर स्पष्ट आहे. प्रश्न असे:

1. लेबल नसताना आवृत्ती कशी ओळखायची?
2. 173 थेट लावता येतो का? चुकीचा लागला तर काही जळेल का?
3. थंड इंजिन व्यवस्थित चालतं. गरम झालं की आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) रेस 700 ते 1100 आरपीएमच्या मध्ये वरखाली होत राहते. हा ईसीयूचा दोष समजायचा का?
4. हाताशी असलेलं मॅन्युअल एल-जेट्रॉनिकचं (बॉशच्या जुन्या इंजेक्शन प्रणालीचं) आहे. त्यातल्या चाचण्या आणि आकडे इथे चालतील का?

साठवजादोन

डबा उघडण्याआधी कनेक्टर बघा. 35 पिनांचा कनेक्टर दोन ओळींचा असतो, 55 पिनांचा तीन ओळींचा. दोन ओळी दिसल्या तर 1.0, तीन दिसल्या तर 1.1 किंवा 1.3. बदल 1987 च्या उत्तरार्धात झाला, पण गाडीच्या वर्षावर विसंबू नका. इतक्या जुन्या गाडीत इंजिन आणि हार्नेस (वायरिंगचा जुडगा) दुसऱ्याच गाडीतून आलेलं असू शकतं.

दुसरी खूण इंजिनावर. 1.0 मध्ये बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणावर) दोन सेन्सर असतात. एक फ्लायव्हीलच्या रिंग गियरचे दात मोजतो, दुसरा फ्लायव्हीलवरची एकच खूण वाचतो. पहिल्यातून वेग कळतो, दुसऱ्यातून क्रँक नेमका कुठे आहे ते. 1.1 आणि 1.3 मध्ये ही दोन्ही कामं पुढच्या क्रँक पुलीजवळचा एकच सेन्सर करतो. तिथल्या चाकावर साठ दातांची जागा असते, पण दोन दात काढलेले असतात. प्रत्येक दात म्हणजे 6 अंश, आणि रिकामी जागा म्हणजे संदर्भ. शिवाय सहाव्या सिलिंडरच्या प्लग-वायरवर सिलिंडर ओळखणारं एक छोटं कॉइल अडकवलेलं असतं. ते दिसलं की 55 पिनवालं हार्नेस आहे हे नक्की.

तिसरी खूण आयडलची. 1.0 मध्ये आयडल व्हॉल्व्ह चालवायला वेगळा छोटा डबा असतो. पुढच्या आवृत्त्यांत ते काम ईसीयूच करतो.

यावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. हार्नेस 55 पिनांचं असेल तर 173 सरळ लागतो. मूळ डबा बहुधा 153, म्हणजे 1.1 असेल, त्या जागी 173 लावणं हा सर्रास केला जाणारा बदल आहे. फायदा असा की 1.3 मध्ये दोष साठवून ठेवण्याची सोय जास्त चांगली आहे आणि त्यातला ईप्रॉम (ईसीयूची माहिती साठवणारी चिप) साधा 27सी256 आहे, वाचायला आणि लिहायला सोपा.

हार्नेस 35 पिनांचं असेल तर कनेक्टर बसणारच नाही, त्यामुळे जळण्याची भीती नाही. पण कुणी पिना काढून, वायरी जोडून 173 चालवायचं सुचवलं तर नाही म्हणा. 1.0 वरून 1.3 वर जायचं तर संपूर्ण इंजिन हार्नेस, दात असलेली पुढची पुली, सेन्सर आणि त्याचा ब्रॅकेट, सिलिंडर ओळखीचं कॉइल, सगळं बदलावं लागतं. दान देणारी गाडी अख्खी उभी असेल तरच तो उद्योग परवडतो.

35 पिनवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: बेलहाउसिंगवरच्या दोन सेन्सरांचे प्लग सारखेच असतात. क्लचचं काम करताना ते उलटे लागले की इंजिन स्टार्ट होत नाही, आणि मग लोक पेट्रोल पंपापासून ईसीयूपर्यंत सगळं बदलत बसतात. काढतानाच रंगाची खूण करा.

मीटरवाला

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. गरम झाल्यावरच रेस हलते याचा अर्थ ईसीयूचा मूळ हिशोब ठीक आहे. थंड असताना मिश्रण मुद्दाम श्रीमंत (पेट्रोल जास्त) असतं, त्यामुळे थोडी जादा हवा ओढली गेली तरी ती झाकली जाते. गरम झाल्यावर ते पांघरूण निघतं. म्हणून पहिला संशय हवेच्या गळतीवर.

ओढूनताणून न शोधता साधी चाचणी करा. इंजिन गरम, आयडलला चालू, ऑइल भरायचं झाकण उघडा. फ्लॅपवाल्या एअर फ्लो मीटरच्या गाडीत रेस लगेच पडली पाहिजे, इंजिन बंद पडायच्या बेतात आलं पाहिजे. झाकण उघडून काहीच फरक पडला नाही तर हवा आधीच दुसरीकडून ओढली जातेय. बघायच्या जागा: फ्लो मीटर ते थ्रॉटल बॉडीमधला रबरी बूट (घड्यांच्या खालच्या बाजूला चिरतो, वरून दिसत नाही, काढून ताणून बघा), आयडल व्हॉल्व्हच्या दोन्ही होस, क्रँककेस ब्रीदरची होस, ब्रेक बूस्टरची होस, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग. शेवटची जवळजवळ कुणी बघत नाही.

कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत प्रचलित आहे, पण गरम एक्झॉस्टवर ते पेट घेतं. कमी दाबाचा धूर आत सोडून बघणं सुरक्षित आणि अचूक.

गळती नसेल तर थ्रॉटल स्विच. यात दोन संपर्क आहेत: एक आयडलचा, एक पूर्ण उघड्या थ्रॉटलचा. पाय सोडल्यावर आयडलचा संपर्क जुळला नाही तर ईसीयूला आपण आयडलवर आहोत हे कळतच नाही आणि तो रेस सांभाळायला जात नाही. थ्रॉटल हळूच उघडताना ‘टिक’ असा आवाज लगेच यायला हवा. मीटर ओहमवर ठेवून बघा: बंद थ्रॉटलला शून्याच्या जवळ, जरा उघडलं की अनंत. हाच संपर्क उतारावर पाय सोडल्यावर पेट्रोल तोडण्यासाठीही वापरला जातो. थ्रॉटल अडखळत बंद होत असेल किंवा केबल ताणलेली असेल आणि संपर्क जुळत-तुटत असेल, तर रेस हलण्याचं कारण तिथेच सापडेल.

पुढे आयडल व्हॉल्व्ह. काढून कार्ब क्लीनरने आतला काळा थर धुवा, आतली फिरती पट्टी बोटाने मोकळी फिरते का बघा, वाळू द्या, मग लावा. स्क्रू-ड्रायव्हर घालून ओढू नका.

मग कूलंट सेन्सर. एम20 वर दोन असतात: तपकिरी कनेक्टरचा डॅशबोर्डच्या काट्यासाठी, निळा ईसीयूसाठी. काटा बरोबर दाखवतो म्हणजे ईसीयूला बरोबर तापमान कळतं असं नाही. निळ्याचा प्लग काढून त्याच्या दोन पिनांवर मोजा:

0 अंशाला साधारण 6 किलोओहम
20 अंशाला 2.2 ते 2.7 किलोओहम
40 अंशाला 1.2 किलोओहमच्या आसपास
80 अंशाला 300 ते 360 ओहम

नंतर हीच मोजणी ईसीयूच्या कनेक्टरपासून करा. सेन्सरजवळ 320 आणि ईसीयूजवळ 900 आले तर मधल्या वायरीत किंवा प्लगमध्ये गंज आहे, आणि ईसीयू गरम इंजिनाला अर्धवट थंड समजून जादा पेट्रोल देतोय. नवा सेन्सर टाकून हा दोष जात नाही.

शेवटी एअर फ्लो मीटर. फ्लॅपला जोडलेला ब्रश कार्बनच्या पट्टीवर घासतो. गाडी जिथे सर्वात जास्त वेळ घालवते, म्हणजे आयडल आणि सरळ रस्त्यावरचा वेग, तिथेच पट्टी झिजते. इग्निशन चालू ठेवून सिग्नलच्या पिनेवर काट्याचा मीटर लावा आणि फ्लॅप बोटाने हळूहळू ढकला. काटा एकसारखा चढला पाहिजे. एखाद्या जागी झटका खाऊन खाली आला तर पट्टी गेली. डिजिटल मीटरला हा झटका बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून काटाच बरा. काळं झाकण कडेची गोंदरेषा कापून निघतं, आणि ब्रशचा हात मिलिमीटरभर वाकवून न झिजलेल्या भागावर आणता येतो. आतल्या दातेरी चाकाचा स्प्रिंग मात्र हलवू नका. तो एक दात सरकला की संपूर्ण वक्र बदलतो, आणि मूळ जागेची खूण केली नसेल तर परत यायला रस्ता नाही.

साठवजादोन

चौथा प्रश्न राहिला. तो फार योग्य आहे, कारण या गटातल्या (बॉशच्या जेट्रॉनिक आणि मोट्रॉनिक) प्रणाली दिसायला सारख्या आणि वागायला वेगळ्या.

डी-जेट्रॉनिक, 1967, फोक्सवॅगन 1600 मध्ये आली. ही मॅनिफोल्डचा दाब मोजते, हवा मोजत नाही. म्हणून इथे हवेची गळती झाली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं भार वाढला, आणि तो जादा पेट्रोल देतो. परिणाम: रेस चढते. फ्लॅपवाल्या गाडीत त्याच गळतीने मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होतं आणि रेस पडते किंवा हलते. वर सांगितलेली ऑइलच्या झाकणाची चाचणी म्हणूनच डी-जेट्रॉनिकवर करू नये, निष्कर्ष उलटा निघेल. इंजेक्शन कधी करायचं हे यात डिस्ट्रिब्युटरमधले वेगळे संपर्क सांगतात. ते काळवंडले की ठरावीक सिलिंडर पेट्रोलविना राहतात आणि इंजिन मिसिंग करतं.

के-जेट्रॉनिक, 1973. यात ईसीयूच नाही, सगळं यांत्रिक आणि इंजेक्टर सतत फवारतात. पेट्रोलचा दाब 5 बारच्या आसपास, म्हणून साधा इंजेक्शनचा गेज लावू नका. केई-जेट्रॉनिक म्हणजे त्यावर इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती चढवलेली. तिथे दाबाच्या जोडीला ॲक्च्युएटरमधला करंट मिलिअँपमध्ये मोजावा लागतो.

एल-जेट्रॉनिक, 1974. फ्लॅपचं मीटर, म्हणजे तुमच्या गाडीची थोरली बहीण. पण ईसीयू फक्त पेट्रोल बघतो, ठिणगीशी त्याचा संबंध नाही. इंजेक्शनची वेळ तो कॉइलच्या 1 नंबर टर्मिनलवरून घेतो. सगळे इंजेक्टर एकदम उघडतात, क्रँकच्या प्रत्येक फेरीला निम्मं पेट्रोल. सुरुवातीच्या एलमध्ये इंजेक्टर 2 ते 3 ओहमचे आणि त्यांच्यासोबत वेगळे रेझिस्टर. तुमच्या एम20 मध्ये इंजेक्टर 15-16 ओहमचे, रेझिस्टर नाहीत. कमी ओहमचा इंजेक्टर तुमच्या हार्नेसवर लावला तर ईसीयूचा ट्रान्झिस्टर जाईल. मॅन्युअल चुकीचं असण्याचा खरा धोका इथे आहे.

म्हणून: कूलंट सेन्सरचे आकडे, फ्लॅपची तपासणी, गळती शोधणं, हे एलच्या मॅन्युअलमधून घ्या. पिनांचे क्रमांक, इंजेक्टरचे ओहम, पंपाचं वायरिंग आणि ठिणगीचं काहीही घेऊ नका. एलमध्ये पंप चालू करणारा संपर्क फ्लो मीटरच्या आत असतो. मोट्रॉनिकमध्ये ईसीयू क्रँक सेन्सरची नाडी बघून पंपाचा रिले ओढतो. त्यामुळे ‘फ्लॅप ढकलला तरी पंप वाजत नाही’ हा तुमच्या गाडीत दोष नव्हे.

मोट्रॉनिक पहिल्यांदा 1979 मध्ये बीएमडब्ल्यू 732आय मध्ये आलं. पेट्रोल आणि ठिणगी एकाच डब्यातून, हेच त्यातलं नवं.

निळीवायर

मध्येच एक विचारते. व्होल्वो 240 मधल्या एलएच-जेट्रॉनिक 2.4 ला यातलं किती लागू पडतं? त्यातले दोषांचे कोड कसे वाचायचे?

साठवजादोन

एलएचमध्ये फ्लॅप नाही, तापलेली तार आहे. इंजिन बंद केल्यावर काही सेकंदांनी ती तार क्षणभर लालबुंद होऊन स्वतःवरची घाण जाळते. मीटरचं तोंड काढून डोळ्यांनी बघा. लाल होत नसेल तर ईसीयू, मेन रिले किंवा वायरिंग तपासा. कोडसाठी बॉनेटखाली डावीकडे काळा डबा आहे, त्यावर बटण आणि लाल दिवा. लोंबती वायर सॉकेट 2 मध्ये म्हणजे इंधन, सॉकेट 6 मध्ये म्हणजे इग्निशन. इग्निशन चालू, बटण सेकंदभर दाबा, दिवा तीन आकडे लुकलुकतो. 1-1-1 म्हणजे दोष नाही. गळतीचं तत्त्व मात्र फ्लॅपसारखंच, मोजणीच्या पुढून आलेली हवा मिश्रण पातळ करते.

साधापाना

कनेक्टर पाहिला: तीन ओळी. पुढच्या पुलीवर दात आहेत आणि सहाव्या प्लग-वायरवर कॉइलही आहे. म्हणजे 1.1 किंवा 1.3. ऑइलचं झाकण उघडल्यावर रेस नावापुरतीच हलते, म्हणजे हवा ओढतेय. बूट काढणार आहे. दरम्यान 173 लावण्याआधी त्याची काय तपासणी करावी? आणि चेक इंजिनचा दिवा आहे, त्यावर कोड येतात का?

झाळकाम

173 लावल्यावर कोड येतील. इग्निशन चालू, इंजिन बंद, पाच सेकंदांत ॲक्सिलरेटर पाच वेळा पूर्ण दाबा. दिवा चार आकडी कोड देतो. 1215 एअर फ्लो मीटर, 1221 लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा), 1222 मिश्रणाची दुरुस्ती हद्दीबाहेर गेली, 1223 कूलंट सेन्सर, 1444 काही नाही. तुमच्या बाबतीत 1222 दिसला तर आश्चर्य वाटू नये, ती गळतीच आहे. लॅम्डा सेन्सर त्यावरून बदलू नका.

लावण्याआधी डबा उघडून बघाच. तीस-पस्तीस वर्षांचा कोणताही ईसीयू असू द्या, चिप सहसा जात नाही. जातात त्या तीन गोष्टी.

एक, झाळ. कनेक्टरच्या पिना जिथे बोर्डाला जोडल्या आहेत तिथे आणि मोठ्या ट्रान्झिस्टरांच्या पायांभोवती भिंग लावून बघा. पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. ‘गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाल्यावर स्टार्ट होते’ याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. बोर्डावर वार्निशसारखा थर असतो, तो आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून खरवडा. झाळायची इस्त्री 330 ते 350 अंशांवर, जुनी झाळ ओढून काढा, शिसं असलेली 60/40 झाळ घाला. शिसंविरहित झाळ जुन्या झाळेत मिसळू नका. हीच दुरुस्ती मेन रिले आणि पंपाच्या रिलेलाही लागू.

दोन, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. बुडाशी तपकिरी डाग, माशासारखा वास, बाजूची तांब्याची रेघ हिरवी पडलेली, यातलं काहीही दिसलं तर बदला. तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, 105 अंशांचे. ध्रुव उलटा लावू नका. सांडलेलं रसायन पुसून काढा, नाहीतर नव्या कॅपॅसिटरखाली तांबं खात राहतं.

तीन, कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर. 1.3 मध्ये तो ईसीयूच्या आतच आहे. त्याला मारायचे दोन रस्ते: प्लगची किंवा कॉइलची हाय टेन्शन वायर मोकळी सोडून सेल्फ मारणं, आणि चुकीचं कॉइल लावणं. मूळ कॉइलचा प्रायमरी अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. त्याहून बराच कमी ओहमचं ‘जोरदार’ कॉइल लावलं की करंट वाढतो आणि ट्रान्झिस्टर भाजतो.

डबा उघडाच आहे तर ईप्रॉम काढून वाचून घ्या आणि फाइल जपून ठेवा. काचेची खिडकी असलेल्या चिपवरचा स्टिकर काढून ठेवू नका, उजेडाने माहिती पुसली जाते. दशकांनंतर स्टिकर असूनही चार्ज उतरू शकतो, म्हणून प्रत हवी.

गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी ईसीयूचा प्लग काढा. आणि लावताना, काढताना इग्निशन बंद.

अर्थिंग विसरू नका. इंजिन चालू, सगळे दिवे चालू, ईसीयूच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत व्होल्ट मोजा. 0.1 पेक्षा जास्त आले तर अर्थच्या सगळ्या रिंगा काढून घासा. सेन्सरांचे सिग्नल त्याच अर्थच्या आधाराने मोजले जातात, तो उचलला गेला की सगळेच आकडे सरकतात.

मीटरवाला

बूट काढताय तर दोन मोजण्या त्याच बैठकीत करून टाका.

क्रँक सेन्सर: 500 ते 600 ओहमच्या दरम्यान, चाकापासून अंतर 1 मिमीच्या आसपास. शील्डचा कुठल्याही सिग्नल वायरीशी संपर्क नको. पुलीच्या दातांत लोखंडाचा कीस अडकलेला असतो, ब्रशने काढा.

पेट्रोलचा दाब: रेग्युलेटरची व्हॅक्युम होस काढून 3 बार, लावल्यावर अर्ध्या बारने कमी. त्या होसमध्ये पेट्रोलचा वास किंवा थेंब सापडला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. हाय प्रेशर होस बदलणार असाल तर इंजेक्शनच्याच दर्जाची, एसएई 30आर9 लिहिलेली घ्या. कार्बोरेटरची 30आर7 होस या दाबाला नको.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल कुणी विचारण्याआधी: 10 टक्के इथेनॉलला हवेचं गुणोत्तर 14.7 ऐवजी 14.1 च्या जवळ लागतं, म्हणजे लॅम्डा नसलेली गाडी तेवढी पातळ चालते. लॅम्डा असलेली सावरून घेते, पण फुल थ्रॉटलला लॅम्डाचा उपयोग नाही, तिथे ईसीयू फक्त साठवलेला नकाशा (आकड्यांचा तक्ता) वाचतो.

साधापाना

बुटाला खालच्या घडीत दीड इंच चीर निघाली. नवा बसवला, डिपस्टिकची ओ-रिंगही बदलली. आता झाकण उघडलं की इंजिन बंद पडायला येतं. आयडल 750 वर, हालचाल जवळजवळ नाही. 173 च्या बोर्डावर दोन जागी झाळ चिरलेली आहे, ती करून मगच लावेन.

एक शेवटचं. मूळ ईसीयू पुढे गेलाच तर स्वतंत्र ईसीयू, उदाहरणार्थ मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो, या हार्नेसवर चालेल का?

साठवजादोन

55 पिनवाल्या गाडीत चालेल, कारण साठ वजा दोनचं चाक आयतं आहे आणि दोन्ही त्याला ओळखतात. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा.

क्रँक सेन्सरच्या दोन वायरींची दिशा महत्त्वाची. उलटी लागली तरी इंजिन स्टार्ट होतं, पण रिकाम्या जागेची ओळख घसरते आणि वरच्या आरपीएमला ठिणगी भटकते. ऑसिलोस्कोपवर बघूनच जोडा.

15-16 ओहमचे इंजेक्टर 14 व्होल्टला प्रत्येकी 0.9 अँपच्या आसपास घेतात, तीन-तीनच्या दोन गटांना साधे ड्रायव्हर पुरतात. कॉइलला मात्र बीआयपी373 सारखा वेगळा ड्रायव्हर लावा, ड्वेल (कॉइल चार्ज होण्याचा वेळ) 3 मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि कॉइल हाताला किती तापतं ते बघत वाढवा.

फ्लॅप मीटर काढलं तर मॅनिफोल्ड दाबाचा आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा असे दोन सेन्सर नवे लागतात. आणि पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर नकाशाला हात लावण्याआधी टायमिंग 10 अंशांवर लॉक करून टायमिंग लाइटने पुलीवर तपासा. स्क्रीनवर 10 आणि पुलीवर 16 असेल तर पुढचं सगळं ट्युनिंग त्या 6 अंशांच्या चुकीवर उभं राहील. 6 अंश म्हणजे बरोबर एक दात, सेटिंगमध्ये दाताचा आकडा एकाने सरकलाय.